बसून संत्री निवडणं काम नाही?

आज सकाळी सव्वाअकराला सौंसरच्या एका कार्यालयात मी सुमनबाईंसोबत उभी असताना बाबूने त्यांच्या अर्जावर लिहिलं, ‘व्यवसाय: काही नाही’. म्हणजे कामगार कार्ड मिळणार नाही.

सुमनबाई वीस वर्षं जवळच्या रामाकोना गावात संत्री निवडतात. कोणतं फळ लांबचा प्रवास सोसेल, हे डोळे मिटून बोटांनी सांगतात. त्यांच्या पदराला संत्र्यांचा वास होता. त्या वासात मला क्षणभर कार्यालय दिसेनासंच झालं, नुसती धुक्यातली पिवळी बाग.

“बसून फळं निवडणं काय काम आहे?” बाबू हसला.

“मग बसून अर्ज निवडणं काय आहे?” मी विचारलं.

“जाऊ द्या ना मॅडम, कायले भांडून राहिल्या?” सुमनबाई पुटपुटल्या.

नाही जाऊ देणार. बाबूसाहेब, शुक्रवारी पाचच्या आत लेखी कळवा: सुमनबाई काही करत नाहीत, तर ती संत्री निवडली कोणी?