दगडमावशीचे साक्षीदार

माझ्या मावशीला सगळी गल्ली दगडमावशी म्हणते, आणि तिला त्याचा राग येत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत तिने तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे सांभाळतात; ही मात्र पांढरी थाळी आणि चहाची गाळणी घेऊन शाळेमागच्या ओढ्यात उतरली. दर रविवारी मागे पंधरा-वीस पोरं. दगड उचलायचा, खालचे किडे थाळीत मोजायचे आणि दगड होता तसाच, त्याच कुशीवर परत ठेवायचा. "तुमचं छप्पर कुणी उचलून फेकलं तर चालेल का रे?" एवढाच तिचा पाठ. मला तो शिकायला दोन वर्षं लागली.

यंदा नगरपालिकेने ठरवलं, ओढा मेलेला आहे, पाइपात घालून वर रस्ता करू. मावशीने अर्जांवर अर्ज केले. शेवटी इंजिनिअर पाहणीला येणार असं ठरलं. थाळीत जीव दिसला तरच ओढा वाचणार होता.

त्या सकाळी आम्ही पोचलो तर पोरं आधीच हजर. घामाघूम, हातात भांडी घासायचे ब्रश, आणि ओढ्यातला दगड न् दगड लखलखीत!

"साहेब येणार म्हणून चकाचक केला, मावशी!"

मावशी मटकन खाली बसली. "अरे गाढवांनो, माझे सगळे साक्षीदार धुऊन टाकलेत!"

तेवढ्यात साहेब आलेच. थाळीत नुसतं पाणी. "आजी, यात काहीच नाही."

"आजी कुणाला म्हणता? बूट काढा आणि वळणापलीकडे चला. तिथवर यांचे ब्रश पोचलेले नाहीत."

वळणापलीकडचा पहिलाच दगड उलटला, आणि थाळीत वाळूच्या कणांचं घर अंगावर घेतलेली अळी चालू लागली. मावशी बोलणार तोच आठ वर्षांची एक चिमुरडी पुढे झाली. "साहेब, ही अळी घाण पाण्यात जगतच नाही. म्हणजे आमचं पाणी चांगलं आहे." मावशीला इतकं ताठ उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

साहेबांनीही एक दगड उचलून निरखला आणि दिला भिरकावून.

"साहेब, छप्पर!" सगळी पोरं एकदम ओरडली.

साहेब दचकले. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरले, दगड शोधून आणला आणि हळूच विचारलं, "खाली कुठली बाजू होती?"

महिन्याभराने पत्र आलं: ओढा जिवंत आहे, पाइप रद्द. मावशीने ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "बघ, साहेब तुझ्यापेक्षा लवकर शिकला."