वाकलेले मासे

चूक माझी होती आणि तिचं खापर मी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींवर फोडलं. लोणावळ्यात पावसाळ्याआधी आम्ही डाळ-तांदळाची बेगमी करतो, तशी मी माशांच्या खाद्याचीही केली आणि वर्षभर पुरेल एवढा डबा आणून फ्रिजवर ठेवला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आमचे पाचही गोल्डफिश पाठीत वाकले. पोहताना ते एका कुशीवर कलायचे. टाकी मावशी धुवायच्या, म्हणून मी बायकोसमोरच त्यांना म्हणालो, "तुम्ही मुठीत दाबून धरत असणार." "न्हाई भाऊ, मी गाळणीनंच काढते. लय जपून करते," त्या म्हणाल्या. मला ते पटलं नाही. त्या दिवसापासून त्या टाकीखालची फरशीसुद्धा लांबूनच पुसू लागल्या. महिन्याभरानं तळेगावच्या मासे विकणाऱ्या दुकानदाराला मी तो डबा दाखवला. झाकण उघडताच जुन्या तेलासारखा खवट वास आला. "उघडून वर्ष झालं? मग यातलं सी जीवनसत्त्व कधीच गेलं, साहेब. बहुतेक त्यानंच मणके वाकले. हाताळून काय पाचही मासे सारखे वाकतात?" दुसऱ्या दिवशी मावशी भांडी घासत होत्या. आळ बायकोसमोर घेतला होता, म्हणून तिलाही मी तिथं बोलावलं आणि सगळं सांगितलं. मावशींनी हात न थांबवता विचारलं, "आता सरळ व्हतील का ते?" "नाही," मी म्हणालो, "ते माझ्यामुळं वाकले, मावशी. तुमच्यावर मी खोटा आळ घेतला. मला माफ करा."