एकाच बोंबलाचा डोळा

नरपडच्या किनाऱ्यावर एक बाई बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. मी बायकोला घेऊन जवळ गेलो, तरी तिचे हात थांबले नाहीत. माझ्या गळ्यात साठ मेगापिक्सेलचा नवा कॅमेरा होता आणि त्यावर काळोखातही बघणारी, वाटीएवढी लेन्स.

"भाऊ, या सुक्या मालाच्या ढिगाचा एक फोटो काढ ना," ती म्हणाली. "तलासरीचा शेठ फोटो बघूनच माल घेतो. मोबाइलात नीट नाय येत."

मी लेन्स पूर्ण उघडून ऐटीत फोटो काढला आणि तिला दाखवला. एका बोंबलाचा डोळा लख्ख, बाकी ढीग धुक्यात.

"मला काय एकच इकायचाय?"

मग लेन्सचं तोंड बारीक करून काढला. सगळा ढीग आला, वाळूचा कण अन् कण आला, माशीच्या तंगडीवरचे केससुद्धा आले.

"शेठ माशीच बघत बसेल!" म्हणत तिने आपल्या तडकलेल्या मोबाइलची काच पदराने पुसली, माशी हाकलली, फोटो काढून पाठवला. मग मात्र तिचे हात थांबले. मिनिटभराने मोबाइलमधून शेठ बोलला, "माल चांगला छे. घेऊन ये."

बायकोने लगेच आपला मोबाइल तिच्या हातात दिला. "ताई, आमचा दोघांचा काढा. यांच्या फोटोत मी कधी आख्खी येतच नाही."

त्या फोटोत आम्ही दोघंही आख्खे आहोत, माझ्या पोटासकट.