ताईच्या वाटेवरचा बाक

सुताराने उभं आयुष्य शाळांचे बाक करण्यात घालवलं. "गावातली निम्मी माणसं माझ्या बाकावर बसून शिकली," असं तो ऐटीत सांगायचा. "शिकली की नाही ते मास्तरांना विचारा. बसली एवढं खरं," बायको म्हणायची.

बायकोची थोरली बहीण, म्हणजे ताई, त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला राहायची. बायको रोज संध्याकाळी तिच्याकडे चालत जाई. तेव्हा रस्ता माणसाळलेला होता. शिंपी दुकानाबाहेर स्टूल ठेवायचा, पुढे गिरणीची पायरी, त्यापुढे बेकरीचा ओटा. टेकत, चौकशा करत ती पोचेपर्यंत डब्यातली गरम भाजी थंडगार व्हायची. काय दिवस होते ते! मग ओटे गेले, काचा आल्या. एकाने तर कुणी बसू नये म्हणून पायरीवर टोकदार पट्टी ठोकली. नेमके त्याच सुमारास बायकोचे गुडघे कुरकुरू लागले. ताईचे आधीच संपावर गेले होते.

"रिक्षाने जा," सुतार म्हणाला.

"एवढ्याशा अंतराला कोण येतंय?"

मग फोनवर भागवणं सुरू झालं. "पोटातलं फोनवर येत नाही गं," ताई एकदा म्हणाली. बायकोने फोन ठेवला आणि घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा घडी घालत बसली. सुताराला ते बघवेना.

रस्त्याच्या मध्यावर औषधाचं दुकान होतं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "ठेवा की बाक. माझीच गिऱ्हाइकं ताटकळतात."

सुताराने धूळ झटकून हत्यारं काढली. माप घेण्याची त्याला गरजच वाटली नाही, हात सवयीने चालले. बाक झाला देखणा. तो दुकानापुढे ठेवला. बायको हळूहळू तिथवर पोचली, बसली, आणि तिचे गुडघे हनुवटीला भिडायला आले.

"अहो, मला तिसरीत बसवलंत?"

उठता येईना. एका बाजूने सुतार आणि दुसऱ्या बाजूने दुकानदार, असं धरून तिला उभं केलं. ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. सुताराचं तोंड मात्र एवढंसं झालं. बाक घरी आणून त्याने उंच पाय लावले, रेटा देऊन उठता यावं म्हणून दोन्ही टोकांना हात बसवले. या वेळी बायकोला खुर्चीवर बसवून माप घेतलं.

मग त्याने बाक पुन्हा दुकानापुढे नेऊन ठेवला आणि ताईला फोन केला. "अर्धा रस्ता तुम्ही या, अर्धा ही येईल."

ताई काठी टेकत आली. दोघी बाकावर टेकल्या आणि साठलेलं सगळं बोलत सुटल्या.

"आठवतं?" ताई म्हणाली. "माझ्या बाकावर बसायचं म्हणून तू माझ्या वर्गात येऊन रडायचीस."

"आणि मास्तर हाताला धरून बाहेर काढायचे."

अंधारून आलं तेव्हा सुतार बायकोला न्यायला आला. ताई त्याच्यासाठी सरकू लागली. बायकोने तिचा हात धरून ठेवला.

"सरकू नकोस गं. तेव्हा उठवलं होतं मला. आता मी नाही उठायची."

सुतार दुकानाच्या भिंतीला टेकून उभा राहिला. त्याचेही गुडघे दुखत होते, पण 'चला' म्हणायला त्याची जीभ रेटेना.