कठड्यावरचा हात

परिचारिकांच्या शाळेत बाईंचा वर्ग पहिल्या मजल्यावर, जिना चढून गेल्यावर उजव्या हाताला होता. तिथे कठड्यांचा एक लोखंडी पलंग होता आणि त्यावर मामा झोपलेला असे. मामा म्हणजे रबराचा पुतळा. त्याचं एक कोपर कधीचंच निखळलेलं, ते पट्टीनं बांधून ठेवलेलं. डोळे कायमचे उघडे आणि चेहऱ्यावर दोन दिवसांसाठी येऊन अडकून पडलेल्या पाहुण्याचा भाव. कुठल्यातरी जुन्या तुकडीनं त्याला मामा म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. सव्वीस वर्षं बाई मुलींना याच मामाला कुशीवर वळवायला शिकवत होत्या.

"गुडघा वाकवा. एक हात खांद्यावर, एक कमरेवर. नजर कमरेवर. इकडेतिकडे बघायचं नाही. एक, दोन, तीन!"

तीनला मामा वळायचा. न चुकता, न कुरकुरता.

मुली बाईंच्या माघारी त्यांना 'एकदोनतीन' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. त्या काही कामचुकार नव्हत्या. त्यांच्या साडीची घडी कधी विसकटली नाही, त्यांच्या हाताखालच्या मुलींनी घातलेल्या चादरीला सुरकुती दिसत नसे. तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली त्यांची वही सव्वीस वर्षं तीच होती, फक्त कव्हर बदलत गेलं. तास संपताना त्या विचारायच्या, "समजलं?" आणि तीस गळ्यांतून एकच आवाज यायचा, "हो, बाई." कोणी मध्येच काही विचारलं, तर त्या म्हणायच्या, "आधी लिहून घे, मग विचार." लिहून होईपर्यंत घंटा व्हायची.

नऊ वर्षांपूर्वीच्या तुकडीत मात्र एक मुलगी होती, जिचं लिहून आधी व्हायचं. दोन वेण्या, शाईनं माखलेली बोटं, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'पण'नं. बाईंनीच तिला 'पणबाई' नाव ठेवलं.

"पण बाई, मामा घाबरला तर?"

वर्गात खसखस पिकली. बाईसुद्धा हसल्या. "मामा घाबरला तर मला येऊन सांग. मी त्याला आठ दिवसांची सुट्टी देते."

त्यावर इतका हशा झाला, की पुढच्या वर्गातल्या शिक्षिका डोकावून गेल्या. पणबाईही हसली. त्यानंतर तिनं वर्गात फारसं काही विचारलं नाही. बाईंना वाटलं, पोरगी सुधारली.

बाईंचे यजमान बसस्थानकावर घोषणा करायचे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुणाचं पोर हरवलंय आणि चौकशी खिडकीशी रडतंय, हे सगळं एकतीस वर्षं त्यांच्या आवाजानं गावाला सांगितलं. निवृत्त झाल्यावर ते काम त्यांनी घरी सुरू केलं. सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणायचे, "चहाची गाडी वीस मिनिटं उशिरा धावत आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल मास्तरीणबाई दिलगीर आहेत का?"

"अजिबात नाहीत," बाई आतून म्हणायच्या. "आणि प्रवाशानं आधी दूध तापवावं."

एका सकाळी घोषणा झाली नाही. बाई बाहेर आल्या तेव्हा ते खुर्चीतून कलले होते आणि तोंडातून नुसता घशातला आवाज येत होता. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही. डावा हात तेवढा चांगला राहिला. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, "दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागेल, नाहीतर पाठीला जखमा होतील. पण तुम्हाला मी काय सांगायचं!"

खरंच, बाईंना काय सांगायचं? पुढच्या खोलीत भाड्याचा लोखंडी पलंग आला, दोन्ही बाजूंना कठडे असलेला. बाईंनी रजा टाकली, पदर खोचला आणि पहिल्याच दिवशी गुडघा वाकवला, एक हात खांद्यावर, एक कमरेवर ठेवला. एक, दोन, तीन.

तीनला ते ओरडले.

शब्द नव्हताच, नुसता आवाज. ज्या आवाजावर सगळा बसस्टँड चालायचा, तो असा फाटून बाहेर आला, की बाईंचे हात सुटले. चांगल्या हातानं यजमानांनी कठडा घट्ट धरला होता. बाईंनी पुन्हा केलं, जरा जोर लावून. पुन्हा तेच. दुखतं म्हणावं, तर डॉक्टरांनी येऊन सगळीकडे दाबून बघितलं, कुठेही दुखत नव्हतं. "घाबरत असतील," ते म्हणाले आणि गेले.

"अहो, मीच आहे," बाई म्हणायच्या. "परकी का आहे मी? एक, दोन—" आणि हात कठड्याकडे जायचा. बोटांच्या सांध्यांची सालं निघाली. बाईंनी कठड्याला मऊ कापड गुंडाळलं. त्यांना वाटलं, आपण फार शहाणपणा केला.

अकराव्या दिवशी बाईंच्या लक्षात आलं, की आपल्या चपलांचा आवाज ऐकला की ते डोळे मिटून घेतात. शेजारच्या आजोबांनी दार वाजवलं तर उघडे. कामवाल्या मावशी आल्या तर उघडे. बाई पाणी घेऊन आल्या, की बंद. बाईंनी चपला काढून ठेवल्या आणि अनवाणी फिरू लागल्या. तरीही त्यांना कळायचंच. चौतीस वर्षं एका घरात काढलेल्या माणसाला पावलं कळतात, चपला असोत की नसोत.

त्या दिवशी बाई स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभ्या राहिल्या. त्यांना आता दुसरं काहीच नको होतं. ते बोलले नाहीत, चालले नाहीत, तरी चालेल. आपल्याला बघून त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, एवढंच.

बाराव्या दिवशी दवाखान्याकडून घरोघरी जाऊन रोगी बघणारी परिचारिका आली. दारात उभी राहून तिनं चपला काढल्या आणि म्हणाली, "बाई, ओळखलंत?"

वेण्या गेल्या होत्या. शाईही गेली होती. पण उभं राहण्याची ती किंचित वाकडी ढब तीच. "पणबाई!" बाईंच्या तोंडून गेलं.

"अजून तेच म्हणतात सगळे," ती हसली. "तुम्ही बारसं केलंत आणि मोकळ्या झालात."

तिनं हात धुतले आणि पलंगाशी गेली. बाई मागे उभ्या राहिल्या, वर्गात राहायच्या तशाच, हाताची घडी घालून.

"गुडघा आधी वाकव."

"हो, बाई." पण तिनं गुडघा वाकवला नाही. ती खाली बसली, पलंगावरच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आली. "काका, मी तुमच्या खांद्यावर हात ठेवणार आहे. नंतर तुम्हाला खिडकीच्या बाजूला वळवीन. घाई नाही." तिनं खांद्यावर तळवा ठेवला आणि थांबली.

"कशाची वाट बघतेस?" बाई म्हणाल्या.

म्हटलं आणि त्यांचं त्यांनाच दचकायला झालं. हे वाक्य आपण कधीतरी, हिलाच, अगदी याच आवाजात म्हटलंय.

पणबाई कठड्यावरच्या हाताकडे बघत होती. मिनिट गेलं. दुसरं गेलं. मग करंगळी उचलली, तिच्यामागून बाकीची बोटं, आणि हात पांघरुणावर येऊन पडला. छातीतून एक लांब श्वास बाहेर गेला आणि त्या श्वासाबरोबरच ते वळले. आवाज नाही की काही नाही. खिडकीकडे तोंड करून, डोळे उघडे ठेवून ते बाहेरच्या तारेवरचे पक्षी बघत राहिले.

बाई न्हाणीघरात गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ उभ्या राहिल्या.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "हे तुला कोणी शिकवलं?"

"वॉर्डातल्या एका आजींनी. चावायच्या हो त्या! मग एकदा चावून झाल्यावर थकून त्यांनी श्वास सोडला आणि वळल्या. तेव्हा कळलं." ती जराशी घुटमळली. "मी परीक्षेत मामावर तसं करून दाखवलं होतं, बाई. तुम्ही विचारलंत, कशाची वाट बघतेस. मी म्हटलं, त्यांच्या श्वासाची. तुम्ही म्हणालात, मामाला श्वास नाही."

"आणि?"

"आणि पाच गुण कापलेत. तुमचंही बरोबर होतं. मामाला नव्हताच."

तिनं हे चहात साखर जास्त झाल्याचं सांगावं तसं, हसत सांगितलं. बाईंना हसता आलं नाही. "मला शिकव," त्या म्हणाल्या.

"अहो बाई, मी काय तुम्हाला—"

"पुरे. शिकव म्हटलं ना."

मग ती रोज दुपारी आपली फेरी संपवून यायची. बाई पलंगाशी खाली बसायच्या. गुडघे कुरकुरायचे.

"बाई, कमरेकडे नका बघू. हाताकडे बघा."

"सव्वीस वर्षांची खोड आहे ग."

"ते मला ठाऊक आहे. मीही होते त्यात."

खांद्यावर तळवा ठेवून बाई थांबायच्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. हात कठड्यावरून हलायचा नाही. पणबाईनं तळवा ठेवला की दोन मिनिटांत सुटायचा. ती नसताना, पाठीला जखमा नकोत म्हणून, बाईंना दर दोन तासांनी जोर लावूनच वळवावं लागायचं.

"माझ्यावर राग आहे त्यांचा," एकदा बाई म्हणाल्या.

"राग नाही. अंगाला आठवतंय. वेळ लागतो."

"किती?"

"ते त्यांनाच विचारायला हवं," पणबाई म्हणाली.

पाचव्या दिवशी डोळे थोडे किलकिले राहिले. आठव्या दिवशी बाईंनी आत येताना, काही न ठरवता, दारातून म्हटलं, "पाण्याची गाडी पाच मिनिटं उशिरा आहे." डोळे उघडले. ओठाचा चांगला कोपरा हलला. बाईंनी हातातलं भांडं तिथंच खाली ठेवलं.

त्या दुपारी पणबाई भिंतीला टेकून उभी होती. बाईंनी तळवा ठेवला. "अहो, खिडकीच्या बाजूला वळायचंय. तुम्ही सांगाल तेव्हा." त्या हाताकडे बघत राहिल्या. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग करंगळी उचलली. तिच्याशेजारचं बोट उचललं. मधलं बोट कापडावरून सरकलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या आनंदात त्यांच्या तोंडानं, सव्वीस वर्षं जे केलं तेच केलं.

"एक, दोन—"

बोटं मिटली. कठडा पुन्हा घट्ट धरला गेला. डोळे बंद झाले.

बाईंनी तोंडावर हात दाबला. पणबाई पुढे आली नाही. ती इतकंच म्हणाली, "उद्या, बाई. बोटं उचलली होती ना, ती उद्याही उचलतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाई दूध तापवत असताना, ते गेले. दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा बाई पलंगाशी उभ्या होत्या.

पणबाई धावत आली. दोघींनी मिळून अंग पुसलं. पाठ पुसण्यासाठी वळवायची वेळ आली तेव्हा बाई खाली बसल्या, खांद्यावर तळवा ठेवला आणि हाताकडे बघत राहिल्या. हात कठड्यावर नव्हताच. पांघरुणावर पडला होता, मोकळा. तरी त्या थांबल्या. पणबाईनं त्यांना थांबू दिलं. शेवटी बाईंनी वळवलं आणि ते वळले, सहज, न कुरकुरता, अगदी मामा वळायचा तसे.

"बाई," पणबाई म्हणाली, "तुम्ही बसा. मी करते."

"नाही," बाई म्हणाल्या. "राहू दे."

महिन्यानं बाई शाळेत परत आल्या. नवी तुकडी होती. फळ्यावर कोणीतरी आधीच तारीख लिहून ठेवली होती. बाईंनी वही पिशवीतून काढलीच नाही. त्या पलंगाशी गेल्या, मामाला काखेत हात घालून उचललं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत नेऊन बसवलं. मग चपला काढल्या, पदर सारखा केला आणि मामाच्या जागी स्वतः आडव्या झाल्या.

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीला हसू आवरेना.

"हसा," छताकडे बघत बाई म्हणाल्या. "हसून झालं की दोघीजणी या आणि मला कुशीवर वळवा."

दोघी पुढे आल्या. पुस्तकात वाचलेलं त्यांना पाठ होतं. एकीनं गुडघा वाकवला, दुसरीनं कमरेला हात लावला. "एक, दोन—"

बाईंचा हात आपणहून कठड्याकडे गेला. लोखंड गार होतं. त्यांनी ते किती घट्ट धरलंय, हे त्यांना बोटं पांढरी पडल्यावर दिसलं. त्या चाळीस किलोच्या पोरी. त्या काय पाडणार होत्या त्यांना? तरी बोटं सुटेनात. बाईंनी डोळे मिटून घेतले. दिवसातून बारा वेळा, त्यांच्या मनात आलं. वीस दिवस.

"बाई, आमचं काय चुकलं?" एकीनं घाबरून विचारलं.

बाई मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "तुमचं नाही चुकलं. माझ्या हाताकडे बघा आणि मला सांगा, आता काय करायला हवं."

मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला. "पण बाई, तुम्ही रडताय."

"हो," बाई म्हणाल्या. "तेही बघा."

ती मुलगी पुढे आली. तिनं काय करावं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती पलंगाशी बसली, बाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि नुसती बसून राहिली. घंटा झाली. कोणी उठलं नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीत मामा उघड्या डोळ्यांनी बसला होता. बाईंची बोटं अजून कठड्यावरच होती आणि मुलगी थांबली होती.