थोरलीच्या नावावरचा खंड

सूतिकागृहात तिला सगळे सिस्टर म्हणत, घरी नवरा नुसतं 'अगं' म्हणून भागवत असे, आणि कॉलेजच्या ग्रंथालयात तिला थोरली हे नाव पडलं होतं. तिच्याबरोबर कायम एक धाकटी असायची म्हणून. दोघी एकमेकींच्या कोणी लागत नव्हत्या. पण खिडकीजवळच्या टेबलाशी डोक्याला डोकं लावून बसलेल्या या दोघींना बघून नव्या माणसाला त्या सख्ख्या बहिणीच वाटायच्या, आणि खरं सांगायचं तर थोरलीलाही तसंच वाटू लागलं होतं.

लेक लग्न होऊन दूर गेली, घर गप्प झालं, तेव्हा थोरलीनं एम.ए.ला नाव घातलं. नोकरी सांभाळून. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "जा, शीक. मध्येच अडकलीस तर मी आहेच, दार उघडून बाहेर काढायची सवय आहे मला." इतिहास हा विषय तिनं घेतला तो एकाच गोष्टीसाठी. ती ज्या सूतिकागृहात उमेदीची सगळी वर्षं राबली, तिथे पहिल्या परिचारिका कोण होत्या, कुठून आल्या, त्यांना कोणी शिकवलं, हे तिला शोधायचं होतं. कामावर कुणाला विचारलं तर लोक हसायचे, म्हणायचे, सिस्टर, ड्युटी संपली ना, आता घरी जा.

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर संशोधन संग्रहाची खोली होती. पहिल्या दिवशी ती बिचकतच तिथे गेली. दारातच पिशवी कपाटात ठेवून घेतली. पेन काढून घेतलं आणि हातात पेन्सिल दिली. ती देणारे गृहस्थ संग्रहाचे ग्रंथपाल. शाईचा एक थेंब जरी टेबलावर दिसला तरी त्यांचा जीव खालीवर व्हायचा. सगळे त्यांना पेन्सिलकाका म्हणत. हवं ते पुस्तक चिठ्ठीवर लिहून द्यायचं, मग ते आतून ढकलगाडीवरून यायचं आणि त्याच्या पाठीखाली मऊ उशी ठेवून उघडायचं. हे ऐकून नवरा म्हणाला होता, "तुमच्या वॉर्डात बाळंतिणींना तरी मिळते का गं एवढी उशी?"

पण त्या पहिल्या दिवशी थोरलीला चिठ्ठी कशी भरायची हेच कळेना. सूचीतला क्रमांक कुठला, खंडाचा कुठला, सगळा गोंधळ. तेव्हा शेजारच्या खुर्चीवरून एक मुलगी उठली आणि म्हणाली, "ताई, द्या इकडे. मीही पहिल्यांदा अशीच रडकुंडीला आले होते."

हीच धाकटी. कॉलेजात तात्पुरती शिकवायची, दर वर्षी नेमणूक पुन्हा मिळेल की नाही या काळजीत असायची, आणि शहराच्या पाणीपुरवठ्यावर प्रबंध लिहीत होती. तिनं थोरलीला सूची वाचायला शिकवली. दुसऱ्या गावच्या ग्रंथालयातून पुस्तक कसं मागवायचं, ते आलं की इथेच बसून कसं वाचायचं, मुदत कशी वाढवून घ्यायची, सगळं दाखवलं. पंधरवड्यात 'ताई, तुम्ही'चं 'ताई, तू' झालं.

थोरलीनंही हात आखडता घेतला नाही. डबा आणायची तो दोघींचा. धाकटीची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा थोरली कामावरून परस्पर त्यांच्या घरी जायची. त्यांना आंघोळ घालायची, पाठीला तेल लावायची, धरून चालवायची. आई म्हणायच्या, "माझ्या पोटी एक आली, एक दारातून आली."

संग्रहात थोरलीला हवं ते सापडलं होतं. सूतिकागृहाच्या जुन्या मुख्य परिचारिकांनी वर्षावर्षाला छापलेले अहवाल, जाड खंडांत बांधलेले. मूळ प्रत बाहेर नेता येत नसे. पण एका खंडाची दुसरी प्रत होती, आणि ती नोंदणी झालेल्या विद्यार्थ्याला सही घेऊन घरी देत. सगळ्यात जुना काळ नेमका त्याच खंडात होता. थोरली तो सावकाश, चवीचवीनं वाचत होती. धाकटीला वाचूनही दाखवायची. एवढ्यावर न थांबता तिनं धाकटीला मोठ्या सिस्टरांकडेही नेलं.

मोठ्या सिस्टर म्हणजे सूतिकागृहाच्या फार पूर्वी निवृत्त झालेल्या मुख्य परिचारिका. ऐकू कमी यायचं, पण आठवण शाबूत. त्यांनी सांगितलं की शिकाऊ मुलींना आधी खरं बाळ हातात देत नसत. घोंगडीची वळकटी करून देत. ती दिवसभर कडेवर घ्यायची, वेळेवर पाजायची, ढेकर काढायची. एक मुलगी ती वळकटी बाकावर विसरून जेवायला गेली आणि आठवण होताच ताटावरून उठून धावली. वळकटी उराशी धरून अशी रडली की शिकवणाऱ्या बाईंचेही डोळे भरून आले. हे ऐकून थोरली आधी हसली, मग तिनं मोठ्या सिस्टरांचा हात धरला. धाकटी भराभर लिहून घेत होती. थोरलीला वाटलं, किती माया आहे पोरीला माझ्या कामाची!

त्यानंतर थोड्याच दिवसांनी धाकटी तोंड बारीक करून आली. पाणीपुरवठ्यावर आधीच दोघांनी लिहून ठेवलंय म्हणून तिचा विषय बारगळायला आला होता. नोंदणीची मुदतही संपली होती, त्यामुळे तिला पुस्तकं घरी मिळेनात.

"ताई, तो अहवालांचा खंड तुझ्या नावावर घेऊन मला देशील? त्यात सूतिकागृहात पाणी कसं आणलं त्याचं एक प्रकरण आहे. तेवढं झालं तर माझा विषय वाचेल. आठवडाभर फक्त."

थोरलीनं क्षणभरही विचार केला नाही. सही केली, खंड धाकटीच्या पिशवीत घातला आणि वर म्हणाली, "पावसापाण्यात सांभाळ गं."

आठवडा गेला, महिना गेला. "उद्या आणते, ताई." "आईला ताप आहे." "पिशवीच विसरले बघ." मग धाकटी टेबलापाशी येईनाशी झाली. मूळ प्रत दुरुस्तीला पुस्तकं बांधणाऱ्याकडे गेली होती, म्हणजे थोरलीलाही तो खंड वाचायला मिळेना. ग्रंथालयाकडून आठवण आली, पुन्हा आली. पेन्सिलकाकांनी विचारलं तेव्हा थोरली खाली मान घालून म्हणाली, "घरी आहे, काका. थोडं वाचायचं राहिलंय." जन्मात खोटं बोलायची सवय नाही, कानशिलं तापली तिची. काकांना ते कळलं असणार. शेवटी नाइलाजानं त्यांनी तिचं कार्ड थांबवलं. खंड परत येईपर्यंत पुस्तकं नाहीत, संग्रहाची खोलीही नाही.

धाकटी फोन उचलत नव्हती. थोरलीला राग आला नाही, काळजीच वाटली. नवऱ्याला म्हणाली, "नोकरी गेली असेल का रे तिची? अंगावर काढत असेल काहीतरी." नवऱ्यानं विषयच बदलला. ते तिला आवडलं नाही.

मग कॉलेजात एक चर्चासत्र होतं. थोरलीच्या मार्गदर्शक बाईंनी तिला आवर्जून सांगितलं, "या हं. तुमच्याच विषयाच्या जवळचं काहीतरी आहे." ती गणवेश बदलून धावतपळत पोचली, मागच्या रांगेत बसली. व्यासपीठावर धाकटी उभी होती. नवी साडी, केस नीट बांधलेले. आधी थोरलीला आनंदच झाला. मग मागच्या पडद्यावर शीर्षक आलं: सूतिकागृहातील पहिल्या परिचारिका.

थोरली ऐकत राहिली. अहवालातले उतारे एकामागून एक येत होते, तिनं बोट ठेवून वाचून दाखवलेले तेच. त्यावर तिनं डबा खाताना जे बोलून दाखवलं होतं, तेही तसंच्या तसं. मग धाकटी जरा थांबली, हसली, म्हणाली, "मी घेतलेल्या एका मुलाखतीत फार सुंदर आठवण मिळाली," आणि घोंगडीच्या वळकटीची गोष्ट सांगितली. सभागृह हसलं. मग पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी रुमाल काढला. शेवटी आभार आले. ग्रंथालयाचे, विभागाचे, आणि 'एका अनुभवी परिचारिकेच्या सहकार्याबद्दल'.

एका. थोरलीच्या डोक्यात तो एक शब्द वाजत राहिला.

चहाच्या वेळी व्हरांड्यात तिनं धाकटीला गाठलं. तिला बघताच धाकटीचा चेहरा पांढरा पडला, पण लगेच सावरून म्हणाली, "ताई! येणार आहेस हे कळवायचंस तरी."

"खंड कुठंय?"

"घरी आहे. आईकडून घे ना. मला आता त्याचं काम नाही."

   थोरली एवढंच म्हणाली, "पाण्याचं प्रकरण म्हणाली होतीस."

धाकटीनं आजूबाजूला बघितलं. आवाज खाली आणला. "ताई, खरं सांग, तू लिहिलं असतंस का हे? दोन वर्षं नुसती वाचतेयस. तुला नोकरी आहे, घर आहे, माणूस आहे जिवाभावाचं. तुझ्यासाठी ही हौस आहे गं. मला कायमची जागा मिळायची तर आत्ताच काहीतरी हवं होतं. माझ्याकडे दुसरं काय होतं?"

"मागायचं होतंस."

"मागितलं असतं तर दिलं असतंस?"

थोरली पाठ वळवून चालू लागली. पुढे कितीतरी दिवस तिला हाच प्रश्न छळत राहिला, कारण अर्धं तरी तिनं नक्की दिलं असतं. सोबत लिहू म्हणाली असती. कदाचित सगळंच देऊन मोकळी झाली असती. पण देणं आणि लुबाडलं जाणं यात फरक असतो, हे त्या व्हरांड्यात तिला बोलून दाखवता आलं नाही.

ती तडक धाकटीच्या घरी गेली. दार आईंनी उघडलं. काठी न घेता चालत आल्या होत्या, आणि ते दाखवायला पुन्हा खोलीभर चालून आल्या. "बघ, तुझी मेहनत!" मग कपाटातून खंड काढला. वरती स्वच्छ कागदाचं वेष्टण घातलेलं, एकही पान दुमडलेलं नाही. पुस्तक मात्र पोरीनं जपलं होतं. आई तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मला सांगितलं हो तिनं. ताईनं आपला विषय मला देऊन टाकला म्हणाली. आजकाल पाठची बहीणसुद्धा नाही करत एवढं. मोठ्या मनाची आहेस गं."

थोरलीच्या ओठावर सगळं आलं होतं. समोर त्या म्हातारीचा उजळलेला चेहरा होता. तिनं विचारलं, "व्यायाम करता ना रोज?" आणि खंड घेऊन जिना उतरली.

घरी आल्यावर मात्र बांध फुटला. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. विनोद केला नाही. म्हणाला, "केसानं गळा कापला तुझा." मग ताडकन उठला, "मी जातो कॉलेजात, बघतो एकेकाला." तिनंच त्याला बसवलं. कॉलेजात जाऊन सांगणार काय? खंडावर सही हिचीच होती.

पेन्सिलकाकांना खंड देताना तिनं खरं काय ते सांगून टाकलं. काकांनी पान न् पान तपासलं, चष्मा काढला. "तुमच्या सहीवर गेलं, तुमच्या सहीवर आलं. मला एवढंच माहीत असायला हवं. पण तुम्ही माझ्याशी खोटं बोललात ना, त्याचं वाईट वाटलं." ते बरोबर होते, म्हणूनच जास्त लागलं. दुसऱ्याच्या खोटेपणापायी तिचंही खोटं निघालं होतं.

मार्गदर्शक बाई हळहळल्या, पण त्यांचेही हात बांधलेले. "तो विषय आता तिच्या नावावर नोंदला गेलाय. तुम्ही तेच लिहिलंत तर तुम्हीच तिचं उचललं असं दिसेल. दुसरं काही बघूया?" विभागप्रमुखांकडे तक्रार करावी का, यावर दोघी बराच वेळ बोलल्या. पुरावा काय, तर डब्यातल्या गप्पा. थोरलीनं नाद सोडला.

मोठ्या सिस्टरांना मात्र ती जाऊन भेटली. त्यांना सांगावं की नाही हे तिचं ठरत नव्हतं. पण त्यांनीच विचारलं, "ती तुझी बहीण पुन्हा आली नाही गं? लिहून झालं की वाचून दाखवते म्हणाली होती."

"नाही येणार ती," थोरली त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली. एवढं सांगतानाही तिचा आवाज फाटला.

वर्षभर ती ग्रंथालयाची पायरी चढली नाही. नंतर चढली, ती नवऱ्यानं धोशा लावला म्हणून. सूतिकागृहातल्या धुलाईखान्यातल्या बायकांवर लिहायला घेतलं. विषय बरा होता, पण पहिल्यासारखा जीव त्यात नव्हता. वाचलेलं कुणाला दाखवत नसे. शेजारी कोणी येऊन बसलं तर कागदावर हात ठेवायची आणि मग स्वतःचीच लाज वाटून हात काढून घ्यायची. लघुप्रबंध पूर्ण झाला, मार्कही चांगले पडले. लेक पेढे घेऊन आली, नवऱ्यानं सगळ्या इमारतीला सांगितलं.

धाकटीला कायमची जागा मिळाली. थोरली अजूनही अधूनमधून संग्रहाच्या खोलीत वाचायला जायची; तिथेच एके दुपारी ती समोरासमोर आली. गळ्यात ओळखपत्र, हातात पुस्तकांच्या चिठ्ठ्या. क्षणभर थबकली आणि हळूच म्हणाली, "ताई, कशी आहेस?"

"बरी आहे," थोरली म्हणाली. "तुम्ही कशा आहात?"

त्या एका 'तुम्ही'नं धाकटीची मान खाली गेली. थोरलीला वाटलं होतं की असं कधी झालं तर आतून बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. आईंच्या पायाचं विचारावं असं मात्र फार मनात आलं. तेवढ्यात ढकलगाडी आली, काकांनी थोरलीचा क्रमांक पुकारला, आणि ती पुस्तक घ्यायला गेली.