सायलेन्सरला दोन हात

धूर यायला लागला तवा मी सात रस्त्याच्या सिग्नलला हुते, स्कूटीवर पुढं चिमी उभी, मागं रिक्षावाला हॉर्न मारतोय, आन् धूर असला काळा की मला वाटलं पेट्रोल पेटलं, आता आमी दोघी जातोय. माझं डोकंच बंद पडलं. चावी बंद करायची सोडून मी बी हॉर्नच दाबत बसले. कोपऱ्यावरचा सरबतवाला वरडला, "भाभी, गाडी छोडो, बच्ची कू उठाव," तवा कुटं मी चिमीला काखंत मारलं आन् गाडी तशीच सोडून पळाले. त्या बाबानं लिंबू सरबताची आख्खी बादली सायलेन्सरवर वतली. चर्र झालं, धूर बसला, आन् चौकभर लिंबाचा आन् जळक्या रबराचा वास सुटला. मी अजून तिला काखंत घट्ट धरून उभी आन् चिमी विचारतीया, "आई, गाडीला सरबत का पाजलं?"

कुणाचं काम हाय ते मला तितंच कळलं. आख्ख्या सोलापुरात गंजाला एवढा भिणारा माणूस एकच हाय, आन् तो नेमका माझा मामेसासरा निघाला.

गाडी ढकलत घरी आणली तर मामा दारातच उभे. मी रडतीया, पोरीचं तोंड काळं झालंय, सगळं सांगितलं मी, धाप लागली मला सांगून सांगून. मामांनी सगळं ऐकून घेतलं, सायलेन्सरवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आन् म्हणले, "सरबतात मीठ हुतं का?"

मी ह्यांना फोन लावला. हे कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात हायत, सकाळच्या गाडीनं जातेत, रात्रीला येतेत. हे म्हणले, "बास झालं आता. आज मामाला सांगून टाक, परत गाडीला हात लावायचा न्हाय." मी म्हणलं, तुमीच सांगा की, मामा तुमचे हायत. तर म्हणतेत, "मला त्यांनी मांडीवर खेळवलंय गं, माझ्या तोंडातनं निघायचं न्हाय. तू सांग." म्हणजे मी सांगायचं. मी, जी मामांपुढं पदर सोडत न्हाय, चहा पाहिजे का हे सुदिक चिमीला पुढं करून विचारती, "चिमे, आजोबाला विचार, चहा घेणार का." आता हे काय चिमीच्या तोंडून सांगायचं व्हय?

लग्न होऊन आले तवा गल्लीतली पोरं त्यांना गंजमामा म्हणायची. मी सांगोल्याकडची, आमच्यात गंज म्हणजे पातेलं. मला वाटलं मामांचं भांड्याचं दुकान असंल. मी सासूला विचारलं सुदिक, मामांकडनं एक मोठा गंज सवलतीत मिळंल का. सासू जी हसली ती अजून कुणी पाव्हणं आलं की तेच सांगती. आमच्याकडं टँकरनं प्यायला पाणी यायचं, लोखंड गंजाया पाणी लागतंय ते आणायचं कुटनं? माझ्या बापाची सायकल जन्मभर उन्हात उभी हुती, तिला काय धाड भरली न्हाय. हे मी एकदा सासूपाशी बोलले, तर मामांनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी गाडीवर थुंकलेच.

स्कूटी घेतली तवाची पूजा घ्या. भटजी मंत्र म्हणतेत, मी हळद-कुंकू वाहतीया, आन् मामा मागनं फडकं घेऊन पुसतेत. म्हणतेत, कुंकू वल धरून ठेवतंय. नारळ चाकाजवळ फोडू दिला न्हाय, त्याचं पाणी खारट असतंय म्हणं, गटारीवर नेऊन फोडाया लावला. भटजी म्हणले, "मामा, नवरी घरात आणलीत आन् आता कुंकू लावायचं नाही म्हणता?" मामा म्हणले, "नवरी गंजत न्हाय, गुरुजी."

पाण्याचं तर सांगूच नका. आमच्या नळाला पाणी कवा येईल ते त्या नळालाच ठाऊक. आलं की आमी जीव टाकून भरून ठेवतो. बोअरला पाणी हाय, पण त्यात क्षार, बादलीला पांढरं धरतंय. तर मामा काय करतेत, स्वतः बोअरचं पाणी पितेत आन् आमच्या पिण्याच्या हंड्यातलं पाणी घेऊन गाडी धुतेत. एकदा घरात पाव्हणं बसल्यात, मी हंडा वाकडा करतीया तर आत तळाला तांब्याभर. बाहीर स्कूटी लखलखतीया.

आन् गाडीला काय लावायचं ते ठरवायला मामांनी माझी स्वयंपाकाची खिडकी घेतली. काचंच्या गिलासात बोअरचं पाणी, त्यात एकेक खिळा सोडलेला. एका खिळ्याला ग्रीस, एकाला गॅरेजमधलं जळकं ऑइल, एकाला लाल प्रायमर, एकाला मेण, एकाला समईतलं तेल. रोज सकाळी चष्मा लावून खिळ्यांची तब्येत बघायची. सासूनं एक गिलास चहाला घेतला, तवा घरात जे महाभारत झालं ते वेगळंच. मग एक दिवस चिमीच्या ढुंगणाला लावायची पांढरी क्रीम सापडंना. सगळं घर पालथं घातलं. पोरगी रडतीया, लाल झालीया. तर खिडकीत एक खिळा पांढराशुभ्र. मी चिमीला पुढं केलं, "चिमे, आजोबाला विचार, क्रीम कुटं गेली." मामा म्हणले, "त्यात झिंक असतंय. पोरीच्या कातडीला चालतंय मग पत्र्याला का चालू ने?"

शेवटी जिंकलं ते काळं. डबा दुकानातनं आणला हुता, डांबरासारखं घट्ट, वाळलं की रबर. गाडीच्या पोटाला मारतेत म्हणं. मामांनी तीन दिवस गाडी अडवून ठेवली. पॉलिश पेपरनं घासलं, घासलेटनं पुसलं. मी चिमीला पुढं करून म्हणलं, नुसता रंग मारून सोडा की, तर म्हणले, "रंग गंजावर मारायचा नसतोय सूनबाई, पत्र्यावर मारायचा असतोय." मग आडवं झोपून खालनं एक हात मारला, वाळवला, परत मारला. आन् सगळ्यात आधी गंज धरतो सायलेन्सर, म्हणून सायलेन्सरला बी दोन हात, चांगले जाडजूड. तो तापतोय हे काय त्यांच्या ध्यानातच न्हाय आलं. आयुष्य गेलं झेडपीत कारकुनी करण्यात, त्यांना कोण सांगणार?

तर मी ठरवलं, सांगायचं. पदर घेतला, मनात दोनदा म्हणून बघितलं आन् बाहीर गेले. मामा पोत्यावर बसून ब्लेडनं सायलेन्सरचं काळं खरवडत हुते. मी खाकरले. त्यांनी मान वर केली न्हाय.

"सूनबाई, धूर निघाला तवा पोरगी कुटं उभी हुती?"

मी म्हणलं, "पुढंच की. कायम तितंच असती."

ब्लेड थांबलं.

"तुझी मामी बी पुढंच बसली हुती," मामा म्हणले. "जुनी व्हॅन घेतली हुती मी. समुद्राकडची गाडी, खाऱ्या हवेतली. वरनं रंग असा की तोंड बघावं. करकंबच्या बाजाराला निघालो, आन् चालत्या गाडीत तिचा पाय खालच्या पत्र्यातनं आरपार गेला. वर मॅट हुतं, खाली पत्राच नव्हता. मी खाली वाकून बघितलंच नव्हतं."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी मामीला बघितलं ते भिंतीवरच्या फोटोत. फोटोत पाय कुटं दिसतेत.

"लंगडत गेली जन्मभर. पण कवा एका शब्दानं बोलली न्हाय. बोलली असती तर बरं झालं असतं."

मग त्यांनी ब्लेड कागदात गुंडाळलं, हात पुसले. म्हणले, "भाच्याचा फोन आला असंल तुला. मला ठाऊक हाय. न्हाय लावत आता हात." आन् उठता उठता परत खाली बसले. "फकस्त पोरगी उभी राहती ना, त्या फळीखालचा पाईप तेवढा बघू का? वरनं प्लास्टिक हाय, आतलं दिसत न्हाय."

आता मामांचं तेवढं कवा तेवढ्यावर थांबत नसतंय. पाईपवरनं नटावर, नटावरनं चाकावर, आन् चाकात ब्रेक असतोय, हे मला आता कळतंय. रात्री हे आल्या आल्या पहिलं तेच विचारणार, सांगितलं का. चौकातला तो धूर अजून माझ्या नाकात हाय. आन् समोर हा म्हातारा माणूस, काळे हात घेऊन बसलाय, आन् पहिल्यांदाच गाडीकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघतोय.

तुमी असता तर काय म्हणला असता?